रसायन वनस्पतींची संगणकीय चाळणी

आयुर्वेदात ‘रसायन’ म्हणून सांगितलेल्या व इतर औषधी वनस्पतींमधले रेणू संगणकावर पारखून, म्हातारपण निरोगी ठेवायला त्यांतले कोणते उपयोगी पडू शकतील हे हुडकण्याची पद्धत. हजारो रेणू प्रयोगशाळेत एकेक करून तपासणे वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून आधी संगणकाची चाळणी लावायची आणि खाली उरतील तेवढेच रेणू पेशींवर तपासायचे. चाळल्याने कोंडा वेगळा होतो, भाकरी तयार होत नाही. या विषयावरच्या बातम्या वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

रसायन हे अष्टांग आयुर्वेदातले एक अंग. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाच्या अध्यायाने होते आणि त्याच्या पहिल्या पादाला हिरडा-आवळ्यावरून ‘अभयामलकीय’ असे नाव आहे. तिथे दीर्घायुष्याच्या बरोबरीने स्मृती, मेधा, आरोग्य आणि तरुण वय यांचीही अपेक्षा धरली आहे. आजचे वार्धक्यशास्त्रही नुसती वर्षे मोजत नाही, निरोगी वर्षे मोजते. वार्धक्याची पेशीपातळीवरची नऊ लक्षणे २०१३ साली एका शोधनिबंधात एकत्र मांडली गेली; २०२३ मध्ये ती बारा झाली. संगणकाला रेणू शोधायला सांगताना यांपैकीच एखाद्या लक्षणाशी जोडलेले प्रथिन लक्ष्य म्हणून दिले जाते.

चाळायला आधी धान्य हवे. भारतात ते दोन वेगळ्या हेतूंनी गोळा झाले. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळाले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. अशी पेटंटे पुन्हा दिली जाऊ नयेत म्हणून पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. त्यात जुन्या ग्रंथांतले योग, म्हणजे संपूर्ण पाककृती, नोंदलेल्या आहेत. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने उभारलेला ‘इम्पॅट’ हा संग्रह मात्र रेणूंचा आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. कोणता रेणू वनस्पतीच्या कोणत्या भागात सापडतो तेही तिथे दिलेले आहे, आणि ही सोय फार मोलाची आहे. अश्वगंधेचे मूळ औषधात घेतात. पण विथाफेरिन-ए हा तिचा गाजलेला रेणू पानांत जास्त असतो.

प्रत्यक्ष चाळणीच्या मुख्य पद्धती दोन. पहिली डॉकिंगची. प्रथिनाची त्रिमिती रचना घ्यायची, तिच्या खोबणीत रेणू निरनिराळ्या बाजूंनी बसवून पाहायचा आणि तो किती घट्ट बसतो याला गुण द्यायचे. कॅलिफोर्नियातल्या अर्विन कुंट्झ यांच्या गटाने १९८२ मध्ये या वाटेची सुरुवात केली. दुसरी पद्धत मशिन लर्निंगची: गुणकारी ठरलेले आणि न ठरलेले रेणू दाखवून संगणकाला फरक ओळखायला शिकवायचे आणि मग अनोळखी रेणूंबद्दल विचारायचे.

या दुसऱ्या पद्धतीचे एक उदाहरण मराठी वाचकाला अंगणात नेणारे आहे. वय वाढते तशा शरीरात काही पेशी विभाजन थांबवूनही मरत नाहीत आणि भोवती दाह पसरवतात. अशा जीर्ण पेशींना वेचून मारणाऱ्या द्रव्यांना सेनोलिटिक म्हणतात. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी ५८ ज्ञात द्रव्ये दाखवून संगणकाला शिकवले आणि ४,३४० रेणू त्याच्यासमोर ठेवले. त्याने २१ निवडले. मानवी पेशींवर तपासल्यावर तीन खरे उतरले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तिन्ही वनस्पतिजन्य: गिंको या झाडातले गिंकगेटिन, चिनी औषधांतल्या एका वेलीतले पेरिप्लोसिन आणि कण्हेरीतले ओलिअँड्रिन. तिघांत ओलिअँड्रिन विशेष प्रभावी निघाले.

कण्हेर आयुर्वेदाच्या उपविषांत मोडते. देवाला फुले वाहतो ते हेच झाड, आणि त्याचा प्रत्येक भाग विषारी. ओलिअँड्रिन पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडते. जीर्ण पेशी त्याने मरतात, पण हृदयाचे ठोकेही त्याच पंपावर चालतात. संगणकाला जे विचारले त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले. मात्रेबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून कण्हेरीचे पान किंवा काढा घरी घेऊन पाहणे हा जिवाशी खेळ आहे, हे इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

पिंपळीचे उलट. तिच्यातला पायपरलाँग्युमिन हा रेणूही सेनोलिटिक असल्याचे २०१६ मध्ये पेशींवर दिसले, आणि पिंपळी तर वर्धमान पिप्पली रसायनातली. त्या विधीत पिंपळ्यांची संख्या रोज वाढवत नेऊन मग त्याच क्रमाने उतरवतात. तरीही पिंपळीचा अतिवापर करू नये, असे चरकसंहितेतच बजावले आहे.

डॉकिंगच्या गुणांवर मात्र फार भिस्त ठेवली जाते. गुण चांगले आले की रेणू ‘प्रभावी’ म्हणून जाहीर करायचा आणि पेशींपर्यंतही जायचे नाही, असे निबंध ढिगाने निघतात, आणि त्यांनी वनस्पतींचेही भले होत नाही. विथाफेरिन-ए प्रथिनाशी पक्का रासायनिक बंध करतो. साध्या डॉकिंगला तो बंध दिसत नाही. गोळी म्हणून पोटातून शोषले जाण्यासाठी रेणुभार ५०० च्या आत असावा, असा १९९७ पासूनचा एक ढोबळ नियम आहे. हिरड्यातल्या चेब्युलिनिक आम्लाचा रेणुभार ९५६ च्या पुढे जातो, म्हणजे अभयामलकीयातला हिरडा पहिल्याच जाळीत अडकतो. मिश्रणाचे काय करायचे, हा प्रश्न तर उरतोच. मिऱ्यातले पायपरीन सोबत दिल्यावर माणसाच्या शरीरात हळदीच्या कर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढल्याचे १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले होते. एकेकटा रेणू चाळताना हे कुठेच उमटत नाही.

त्यातही आतड्यात काय घडते ते सर्वांत दुर्लक्षित. डाळिंबातल्या एलाजिटॅनिन गटाच्या जड टॅनिनांचे आतड्यातले जिवाणू तुकडे करतात आणि त्यांतून युरोलिथिन-ए हा २२८ रेणुभाराचा छोटा रेणू तयार होतो. तो डाळिंबात नसतो, म्हणून वनस्पतीच्या रेणूंच्या यादीतही नसतो. आणि प्रत्येकाच्या आतड्यात तो तयार होतोच असेही नाही. २०१६ मध्ये त्याने सूक्ष्म गोलकृमींचे आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढवल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांवर चार महिने चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत हातापायांच्या स्नायूंचा दम वाढलेला दिसला. सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात मात्र नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नव्हता.