खांदा हलवून केलेली सोनोग्राफी : येण्यापूर्वी एवढं वाचा

नुसतं बसलं तर खांदा फारसा बोलत नाही. दोरीवर कपडे टाकताना, ब्लाउजचा हुक लावताना, मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ निघते. एमआरआयमध्ये मात्र हात अंगालगत ठेवून वीस-पंचवीस मिनिटं निश्चल पडायचं असतं. हात नेमका कुठे अडकतो, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी ही तपासणी.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याची वाटी उथळ. गोळा वाटीत धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार स्नायू. त्यातल्या वरच्या स्नायूची, सुप्रास्पायनेटसची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाते. तिथे जेमतेम सेंटिमीटरभर जागा. हात बाजूने वर नेताना 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात दुखत असेल, तर पहिला संशय इथेच.

तुम्हाला स्टुलावर बसवतात. आधी तळहात वर करून मांडीवर : यात बायसेप्सची कंडरा दिसते. मग कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. तो दुसऱ्याने धरूनही वळत नसेल तर खांदा जखडल्याची शंका येते. मधुमेहात असं जास्त होतं, म्हणून तो असेल तर जरूर सांगा. नंतर तळहात मागच्या खिशावर, कोपर मागे. असं केलं की सुप्रास्पायनेटस हाडाखालून पुढे सरकते. हात मागे जातच नसेल तर ओढू नका, जाईल तिथपर्यंतच ठेवा. कंडरेचा काही भाग हाडाआड राहिला तर तसं रिपोर्टमध्ये लिहितो.

शेवटी प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र, खांद्याच्या कडेवर ठेवून हात बाजूने सावकाश वर न्यायला सांगतो. झटका दिलात तर पडद्यावर काहीच धरता येत नाही. निरोगी खांद्यात कंडरा हाडाखाली अलगद सरकते. अडकत असेल तर तिच्यावरची पिशवी, म्हणजे बर्सा, हाडाच्या कडेशी गोळा होते. गादीखाली चादर खोचताना चुणी पडावी तशी. कळ आली की तिथेच थांबा आणि सांगा, त्या क्षणाचं चित्र हवं असतं.

या तपासणीतली नेहमीची फसगत : प्रोब थोडा तिरका झाला की चांगली कंडराही काळी, फाटल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही तो पुढे-मागे कलवून पाहतो. काळा डाग गेला तर ती फाट नव्हे. फक्त छापील फोटो दुसऱ्याला दाखवून मत घेऊ नका, ते याचमुळे.

वाटीच्या कडेची कूर्चा आणि हाडाच्या आतलं सोनोग्राफीत नीट कळत नाही. खांदा वारंवार निखळत असेल तर एमआरआयच लागतो, पडल्या-झडल्याचं दुखणं असेल तर आधी एक्स-रे.

उपाशी यायची गरज नाही. सैल, बिनबाह्यांचे किंवा पुढून उघडणारे कपडे घाला, जुने रिपोर्ट आणा. दोन्ही खांदे तपासतो, तुलनेला दुसरा लागतोच. वीसएक मिनिटं धरा. तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर वेदनाशामक गोळी तपासणीनंतर घ्या, नाहीतर कळ झाकली जाते. गेल्या काही दिवसांत खांद्यात इंजेक्शन घेतलं असेल तर आधी सांगा, त्यातलं पाणी सूज समजलं जाऊ शकतं.

रिपोर्टमध्ये ‘पार्शल टेअर’, म्हणजे कंडरेची अर्धवट फाट, असं वाचून लगेच ऑपरेशनच्या गोष्टी करू नका. साठीनंतर अशा फाटी न दुखणाऱ्या खांद्यातही सापडतात. दुखणं त्या फाटीचंच आहे का, हे तुमचे हाडांचे डॉक्टर हात तपासून ठरवतील.