ॲसिडिटीने झिजलेले दात: कॅपपासून कंपोझिटपर्यंत

उशिराच्या लोकलने ठाण्याला किंवा वाशीला उतरायचे, अकराला जेवायचे, लगेच आडवे व्हायचे आणि घशाशी आंबट आले की पित्ताची गोळी घ्यायची, हे इथे घरोघरी चालते. त्यात दातांकडे कुणाचे लक्ष जात नाही. इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते (पीएच हे आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र), तर जठरातले आम्ल १ ते २ पीएचचे असते. झीज आधी वरच्या पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूला होते, त्यामुळे आरशात ती दिसत नाही. दाढांवर खळगे पडतात आणि जुने चांदीचे फिलिंग दातापेक्षा उंच उरते.

पूर्वी असे दात चहूबाजूंनी तासून कॅप बसवत. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये वजन करून दाखवले, की पुढच्या दाताला पूर्ण कॅप बसवताना हिरडीबाहेरचा ६३ ते ७२ टक्के दात तासला जातो. आधीच झिजलेल्या दाताला हे परवडणारे नाही. अनेकदा रूट कॅनालची वेळ येई.

दात न तासता भर चिकटवण्याची वाट दंतसंशोधक मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवली. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून इनॅमल खरखरीत केले. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांचे रेझिन (घट्ट होणारे प्लॅस्टिकसारखे द्रव्य) आले, त्यातून आजचे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची भर, घडले. इनॅमलखालच्या ओलसर डेंटिनला रेझिन कसे धरते, हे जपानी संशोधक नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये उलगडले.

प्रश्न जागेचा होता. दात झिजतात तसे सरकून मोकळी जागा भरून काढतात, मग भर घालायला वाव राहत नाही. नॉर्वेचे दंतवैद्य डाल यांनी १९७५ मध्ये वरच्या पुढच्या दातांमागे धातूची पट्टी बसवली. चावताना फक्त तीच टेके, दाढा एकमेकींपासून दूर राहत. काही महिन्यांत दाढा पुन्हा भिडल्या आणि पुढे जागा झाली. आता पट्टीऐवजी कंपोझिटच तेवढे उंच ठेवतात.

कंपोझिट बसवताना रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) लावून ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर ३० सेकंद, डेंटिनवर १५ सेकंदच ठेवायचे. धुतल्यावर डेंटिन कोरडेठाक करायचे नाही. बाँड, म्हणजे चिकटवणारे द्रव, चोळून, हवेने फुंकून, घट्ट करायला लाइट द्यायचा. कंपोझिट २ मिलिमीटरच्या थरांनी चढवायचे. कडेला इनॅमलची किनार शिल्लक असेल तर पकड उत्तम. चकचकीत, कडक झालेल्या डेंटिनवर बाँड कमी धरतो, म्हणून ते आधी हलकेच खरवडावे. रात्री दात खाणाऱ्याला नाइटगार्ड (झोपताना दातांवर घालायचे आवरण) हवाच.

आम्ल येतच राहिले तर भर टिकते, कडेचा दात मात्र विरघळतो. म्हणून पोटविकारतज्ज्ञांचे उपचार सोबतच सुरू हवेत. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. आंबट आल्यावर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि तासभर ब्रश करू नये, मऊ पडलेले इनॅमल ब्रशने घासले जाते.