यूपीएसचा वेळ व्हीएच्या आकड्यात शोधू नका

वीज गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस घ्यायला दुकानात गेलं की बोलणं बहुधा एकाच वळणाने जातं. "सहाशेचा चालेल का?" "चालेल, पण हजारचा घ्या, जास्त वेळ मिळेल." हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की घेणारा तोच पुढे चार जणांना सांगतो. पण ६०० किंवा १००० हा खोक्यावरचा आकडा व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे व्हीएचा असतो. एका वेळी किती भार पेलेल एवढंच तो सांगतो. किती वेळ पेलेल हे आतली बॅटरी ठरवते. ६०० आणि ८०० व्हीएच्या कित्येक मॉडेलांत ही बॅटरी जवळपास सारखीच असते: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), नाहीतर जेमतेम त्याहून मोठी.

व्हीए म्हणजे वॅटही नव्हे. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट हे शाळेतलं सूत्र घरात येणाऱ्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेला सरसकट लागू पडत नाही. विजेचा दाब (व्होल्ट) आणि प्रवाह (अँपिअर) यांच्या लाटा एकाच आकाराच्या आणि एकाच तालात असतील तरच ते जुळतं. कॉम्प्युटरचा साधा एसएमपीएस, म्हणजे त्याला आतून वीज पुरवणारा डबा, दाबाची लाट शिखराजवळ असतानाच झटक्याने प्रवाह ओढतो. त्यामुळे झालेल्या कामाच्या मानाने तारांतून जास्त प्रवाह वाहतो. स्वस्त ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. हा वॅटचा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो. खरेदी करताना तोच वाचायचा.

याच व्हीए-वॅटच्या गोंधळावर ते 'पॉवर सेव्हर' विकले जातात: भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचा आणि वीजबिल तीस-चाळीस टक्के कमी करा! आत असतो एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, आणि एक दिवा. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर आकारलं जातं. त्या कपॅसिटरने फार तर व्हीए थोडे बदलतील, युनिट कमी होणार नाहीत. ही फसवणूक आहे आणि ती उघडपणे चालते याचा मला संताप येतो.

आता वेळेचं गणित. १२ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-तास म्हणजे ८४ वॅट-तास. भार ३०० वॅटचा असेल तर ८४ भागिले ३००, सुमारे १७ मिनिटं. प्रत्यक्षात यूपीएस पाच-सहा मिनिटांतच मान टाकतो, आणि आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. दोष भागाकाराचा आहे. बॅटरीवरचे ७ अँपिअर-तास मोजलेले असतात ते ती २० तास सावकाश रिकामी करून, म्हणजे अवघ्या ०.३५ अँपिअरने. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतानाची गळती धरली तर ३०० वॅटसाठी आपण तिच्याकडे ३० अँपिअर मागतो, मोजणीच्या वेळच्या जवळजवळ ८५ पट.

इतक्या घाईत मागितल्यावर बॅटरी कमी का देते, हे समजून घेण्यासारखं आहे. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे-आम्ल बॅटरी तयार केली, आणि आपल्या यूपीएसमधलं रसायन आजही तेच आहे. एका पट्टीवर सच्छिद्र शिसे, दुसरीवर लेड डायॉक्साइड, मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आम्ल खर्ची पडून पाणी बनतं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतला द्राव आयनांना फक्त वाट देतो, स्वतः खर्च होत नाही. इथलं आम्ल मात्र अभिक्रियेतच वापरलं जातं. त्यामुळे पट्टीच्या खोल छिद्रांतलं आम्ल संपलं की बाहेरून नवं आम्ल आत झिरपावं लागतं, आणि हे झिरपणं, म्हणजे विसरण, फार सावकाश होतं.

प्रवाह कमी असेल तर झिरपायला वेळ मिळतो आणि पट्टीचं अंतरंगही कामी येतं. प्रवाह मोठा असेल तर अभिक्रिया पृष्ठभागाजवळच उरकते. त्यात आणखी एक अडचण. लेड सल्फेटला मूळ शिशाच्या सुमारे अडीचपट जागा लागते आणि ते वीज वाहून नेत नाही. पृष्ठभागावर साचलेला हा थर छिद्रांची तोंडं बुजवतो आणि आम्लाची आत जायची वाट आणखी अरुंद करतो. मोठ्या आचेवर टाकलेल्या जाड भाकरीसारखी गत होते: वरून करपलेली, आत कच्ची. छिद्रांतलं आम्ल पातळ झालं की बॅटरीचा दाब घसरतो, तो साधारण १० व्होल्टच्या आसपास आला की यूपीएस स्वतःला बंद करतो. पट्टीच्या गाभ्यातला बराच माल तेव्हा न वापरलेलाच असतो.

याचा पुरावा घरबसल्या मिळतो. यूपीएस बंद पडल्यावर वीज आली नाही तरी पंधरा-वीस मिनिटांनी बटण दाबलं तर तो पुन्हा थोडा वेळ चालतो. मधल्या वेळात आम्ल आत झिरपलेलं असतं. थंडीत स्टार्टर मारून दमलेली गाडी जरा थांबून पुन्हा मारल्यावर सुरू होते, त्यामागेही हेच विसरण आहे.

विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली हे गणितात बसवलं. प्रवाहाचा 'क' घात गुणिले वेळ ही राशी स्थिर राहते. बॅटरी आदर्श असती तर क एक असता. शिसे-आम्ल बॅटरीसाठी तो साधारण १.१ ते १.३ असतो. १.२ धरून आपल्या ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीला लावू. ३०० वॅट, म्हणजे ३० अँपिअर: पावणेसहा मिनिटं. १०० वॅट, म्हणजे १० अँपिअर: सुमारे एकवीस मिनिटं. भार एक तृतीयांश केला तर वेळ तिप्पट नव्हे, पावणेचारपट झाला. बॅटरी जुनी होत जाते तशी ही मिनिटं आणखी घटतात.

आता तोच १०० वॅटचा भार घरातल्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीवर टाका. तेच सूत्र, तोच क. उत्तर येतं सुमारे १४ तास. बॅटरी एकवीसपट मोठी, वेळ चाळीसपट! कारण तिच्यासाठी १० अँपिअर ही घाईच नाही. तिची मोजणीच साडेसात अँपिअरवर झालेली असते.

म्हणून माझं मत असं की जास्त वेळ हवा असेल तर मोठ्या व्हीएच्या मागे न लागता आधी भार कमी करा. यूपीएसवर सीपीयू, एक मॉनिटर आणि राउटर पुरे. दुसरा मॉनिटर, स्पीकर, चार्जर थेट भिंतीवर. लेझर प्रिंटर तर यूपीएसला लावूच नका, त्याचा तापक क्षणात काहीशे वॅट ओढतो. तरीही वेळ कमी पडत असेल तर दोन बॅटऱ्यांचं मॉडेल घ्या. भार दोघींत वाटला गेल्याने वेळ दुपटीहून थोडा जास्तच मिळतो.

घरात इन्व्हर्टर आहेच, तर त्याचं मागचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना ते पाहा. एसएमपीएसचा कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद कॉम्प्युटरला तगवतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर तेवढ्या वेळाच्या आत गेला तर कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. साध्या मोडवर इन्व्हर्टर याहून जास्त वेळ घेऊ शकतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (प्रवाहाची लाट दाबाच्या लाटेशी जुळवणारी सोय) असलेला महागडा एसएमपीएस असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा यूपीएस घ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेवर काही एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंद पडतात.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना यूपीएसची गरजच नाही. वीज गेल्यावर बंद पडतो तो राउटर, आणि त्याला बहुतेकदा १२ व्होल्टचीच, दहा-बारा वॅटची वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून २३० व्होल्ट एसी करायची आणि अ‍ॅडॉप्टरने पुन्हा १२ व्होल्ट करायची, यात दोनदा गळती होते. लिथियम सेलचा, थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस हे काम दोन-तीन तास सहज करतो.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात सीपीयूच्या गरम झोताजवळ ठेवलेला यूपीएस तीन-चार वर्षं टिकेल ही आशा धरू नये. नवी बॅटरी घेताना तिच्यावर छापलेला उत्पादनाचा महिना वाचा. कपाटात पडून असली तरी ती हळूहळू रिकामी होते आणि सल्फेटचे स्फटिक मोठे होत जातात. असे मोठे स्फटिक चार्जिंगने नीट विरघळत नाहीत. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा.