नर्सिंगचा प्रबंध आणि एथिक्स कमिटीतून परत येणारी फाईल

परवा एक सिस्टर फाईल घेऊन घरी आली. एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष. विषय चांगला होता: मधुमेही पेशंट स्वतःच्या पायांची काळजी कशी घेतात. फाईल तिसऱ्यांदा परत आली होती आणि शेरा एका ओळीचा होता, ‘पायलट स्टडी मंजुरीपूर्वी केलेली आहे.’ तिचं म्हणणं, पायलट म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, सहा पेशंटांची, त्याला कसली मंजुरी? वर्गात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कमिटीने शेरा मारताना कारण सांगितलं नाही. असे सहा-सात अर्ज दरवर्षी माझ्या टेबलावर येतात, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मूळ नियम असा. पेशंट असो, नर्स असो की नर्सिंगची विद्यार्थिनी, माणसाकडून माहिती घ्यायची असेल तर पहिल्या माणसाला पहिला प्रश्न विचारण्याआधी संस्थात्मक नैतिकता समितीची, म्हणजेच एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात हवी. पायलट त्यातच आला. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. ‘सर ओळखीचे आहेत’ म्हणूनही मिळत नाही, आणि मिळाली तर ती घेऊ नका, पुढे जर्नलवाले तारखा बघतात. समित्या ज्यावर चालतात ती आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं नेटवर फुकट आहेत. जाडजूड आहेत, पण संमतीचं प्रकरण तरी वाचाच.

अर्ज कोण करू शकतं? एम.एस्सी. करणारी गाईडमार्फत, नर्सिंग ट्यूटर स्वतः, वॉर्डात काम करणारी स्टाफ नर्सही स्वतः. स्टाफ नर्सला मात्र संस्थाप्रमुखांचं ना-हरकत पत्र लागतं. बारा वर्षं तुम्ही त्या वॉर्डात असाल, तरी वॉर्डातले केसपेपर तुमचे होत नाहीत. तुमच्या कॉलेजात समितीच नसेल, तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं, पण दोन्ही संस्थांमध्ये तसा लेखी करार लागतो. तो करणं कॉलेजचं काम आहे, विद्यार्थिनीचं नव्हे. प्राचार्यांना हे नम्रपणे, पण लेखी कळवा. समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे ना, तेही विचारून घ्या. २०१९ च्या नियमांनंतर ती लागते.

आता कोल्हापुरात सगळ्यात जास्त घोळ होतो तो पत्ता लिहिताना. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, अभ्यासासाठी पेशंट घ्यायचे म्हणून पत्र जातं ‘मा. जिल्हा शल्यचिकित्सक’ यांच्या नावाने. सीपीआर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथं पत्र अधिष्ठात्यांच्या नावाने द्यायचं. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं. प्राथमिक आरोग्य केंद्र हवं असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि महापालिकेचा दवाखाना असेल तर महापालिका. चुकीच्या टेबलावर गेलेलं पत्र कोणी बरोबर टेबलावर पाठवत नाही, ते तिथंच आराम करतं. म्हणून दुसरी प्रत जवळ ठेवा, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक बारनिशीतल्या मामांना चहाची वेळ सोडून गाठलंत तर काम पाच मिनिटांचं आहे.

इथंच दुसरी गाठ बसते. समिती म्हणते, आधी हॉस्पिटलची परवानगी आणा. हॉस्पिटल म्हणतं, आधी समितीची मंजुरी आणा. या दोन दारांमध्ये एका मुलीचे पावणेदोन महिने गेलेले मी पाहिलेत. दोन्हीकडची माणसं एकाच गावातली, एकमेकांना फोन करायला काय हरकत होती, देव जाणे. उपाय साधा आहे. हॉस्पिटलकडे अंतिम परवानगी मागूच नका. पत्रात लिहा, ‘नैतिकता समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः परवानगी मिळावी.’ हे एक वाक्य असलं की अधिकारी सही करायला कचरत नाहीत आणि ते पत्र समितीलाही चालतं. मंजुरी मिळाली की तिची प्रत हॉस्पिटलला द्यायची आणि प्रत्यक्ष तारखा ठरवायच्या.

मुदतीबद्दल. भारतीय नर्सिंग परिषदेच्या अभ्यासक्रमात संशोधन प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि पूर्ण प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर असं वेळापत्रक आहे. एकीने नववा महिना म्हणजे सप्टेंबर धरला होता. हसू नका, कागदावर तसं वाचता येतं. विद्यापीठाच्या परिपत्रकात तारीख दिली असेल तर तीच धरायची. दुसरी गल्लत समितीच्या तारखेची होते. सूचनेत दिलेली ‘अंतिम तारीख’ ही फाईल सदस्य सचिवांकडे पोहोचण्याची असते, बैठकीची नव्हे. बैठक त्यानंतर. ती चुकली तर पुढची कधी, हे त्याच दिवशी विचारून घ्या. आणि प्रस्ताव मंजूर झाला म्हणजे मंजुरीपत्र मिळालं असं नाही. बैठकीत ‘किरकोळ दुरुस्तीसह’ म्हणाले असतील, तर दुरुस्ती देऊन पत्र हातात येईपर्यंत वॉर्डात प्रश्नावली काढायची नाही.

अर्जात एक चौकट असते: परीक्षणातून सूट, त्वरित परीक्षण की पूर्ण समितीचं परीक्षण. नुसती प्रश्नावली आहे म्हणून मुली ‘सूट’वर टिक करतात. सूट द्यायची की नाही, ते समिती ठरवते. तुम्ही विनंती करा आणि कारण दोन ओळींत लिहा.

बाकी कागद नेहमीचेच. प्रस्ताव, गाईडचा आणि तुमचा बायोडेटा, विभागप्रमुखांची सही, खर्च कोण करणार याचं निवेदन, प्रश्नावली, मराठी आणि इंग्रजी दोन्हीतलं माहितीपत्र व संमतीपत्र, दोन्हींवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. गाईड स्वतः समितीवर असतील तर त्या विषयापुरतं त्यांनी बाहेर बसायचं असतं, ते कव्हरिंग लेटरमध्ये आधीच लिहून टाका.

फाईल खरी पडते ती मराठी माहितीपत्रावर. समितीत डॉक्टर असतात तसे कायदा जाणणारे, समाजशास्त्राचे आणि एक सामान्य नागरिकही असतात. हा सामान्य नागरिक तुमचं मराठी पत्र शब्दन् शब्द वाचतो. ‘यादृच्छिक पद्धतीने निवड’ दिसलं की त्याचा हात वर जातो. ‘चिठ्ठी टाकून निवड’ असं लिहा. पत्रात इतकं तरी असावंच: अभ्यास कशासाठी, किती वेळ लागेल, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, मध्येच सोडता येईल, नाव कुठेही येणार नाही, आणि शंका असल्यास तुमचा व समितीच्या सदस्य सचिवांचा संपर्क. हा शेवटचा निम्म्या अर्जांत नसतो.

सहीचं तर विचारू नका. शिरोळकडच्या एका आजींना मी संमतीपत्र वाचून दाखवलं, सगळं समजलं का विचारलं. म्हणाल्या, ‘समजलं बाई सगळं. पर ह्यो अंगठा जमिनीच्या कागदावर तर न्हाई ना जायचा?’ त्यांची भीती खोटी नव्हती, अंगठ्याने काय काय गेलंय ते त्यांनी घरात पाहिलं होतं. अशा वेळी अंगठ्याबरोबर निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. साक्षीदार तुमच्या अभ्यासातला नको, वॉर्डातल्या सिस्टरला मध्ये ओढू नका, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा लिहिता-वाचता येणारा नातेवाईक चालतो. ही कटकट टाळायला पुष्कळ जणी निकषातच ‘लिहिता-वाचता येणारे’ असं घालतात. मला ते पटत नाही. इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा ज्यांना वाचता येत नाही, स्वतःची काळजी घेण्यात ज्यांची खरी अडचण आहे, तेच मग अभ्यासाबाहेर राहतात. समितीही हल्ली हे विचारते.

प्रश्नावली दुसऱ्याची वापरायची तर परवानगीचं पत्र जोडा. औषधं वेळेवर घेण्याबद्दलची मोरिस्की यांची प्रश्नावली परवान्याशिवाय वापरता येत नाही, नेटवर सापडली म्हणून उचलू नका. भाषांतर दोघांकडून, मराठीतून परत इंग्रजीत उलटं भाषांतर, तज्ज्ञांकडून तपासणी, हे सगळं जोडायचं. ते कशाला, हे मला एका मामांनी शिकवलं. मधुमेहींच्या स्वकाळजीची एक जुनी प्रश्नावली आहे, त्यात गेल्या सात दिवसांत किती दिवस पादत्राण आतून तपासलंत असा प्रश्न येतो. मामांनी पायातली कोल्हापुरी काढून माझ्यापुढे धरली. ‘ह्येला आत हाय कुठं?’ प्रश्न बदलावा लागला. मंजुरीनंतर बदललात तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा. बदल आधीच उमजावा म्हणून प्रश्नावली पाच-सात सहकाऱ्यांना, घरच्यांना वाचून दाखवा. त्यांची उत्तरं मात्र कुठेही नोंदवू नका.

शिकवणीचा कार्यक्रम घेऊन आधी-नंतर गुण मोजणार असाल, तर तो हस्तक्षेप झाला. असा अभ्यास सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावा, नोंदणी फुकट आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथं फक्त आगाऊ नोंदणी होते. पहिला पेशंट घेतल्यावर आठवण झाली तर दार बंद. त्यासाठी समितीचं मंजुरीपत्र अपलोड करावं लागतं, म्हणजे क्रम असा: मंजुरी, सीटीआरआय, मग पायलट. तुलनेसाठी शिकवणीविना ठेवलेला दुसरा गट असेल तर त्याला ती कधी देणार, आणि प्रश्न विचारताना पायाला चिघळलेली जखम दिसली तर काय करणार, हे दोन्ही प्रस्तावात लिहा. जखमेच्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याच दिवशी सर्जरी ओपीडीत पाठवणार’ इतकं पुरतं, पण ते लिहिलेलं हवं.

नर्सेसच्या अनुभवांवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. २०१९ आणि २०२१ चा महापूर, मधला कोविड, यावर बोलायला आपल्या जिल्ह्यातल्या सिस्टरांकडे पुष्कळ आहे. पण ‘आपल्याच तर आहेत’ म्हणून संमती सोडू नका. हाताखालचे कर्मचारी आणि विद्यार्थी हे दबावाखाली हो म्हणू शकतात, म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत त्यांना जपण्याजोगा गट मानलंय. मेट्रनने रोल-कॉलच्या वेळी ‘उद्या मुलाखतीला बसा’ म्हणणं म्हणजे संमती नव्हे. मुलाखत ड्यूटीच्या जागेपासून दूर, रेकॉर्डिंगची संमती वेगळी, आणि अहवालात ‘आयसीयूतली एकमेव पुरुष नर्स’ असं वर्णन नको, त्या हॉस्पिटलात तो कोण हे सगळ्यांना कळतं. स्वतःच्याच विद्यार्थिनींवर अभ्यास असेल तर संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी आणि गुणांशी संबंध नाही हे पत्रात ठळक लिहावं.

मंजुरीपत्रावरची मुदत वाचा, बहुधा एका वर्षाची असते. काम लांबलं तर ती संपण्याआधी प्रगती अहवाल देऊन वाढवून घ्या. काम संपल्यावर पूर्तता अहवाल द्यायचा असतो, तो जवळजवळ कुणीच देत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच कॉलेजच्या फाईलवर समितीची नजर वाकडी होते. सह्या केलेली संमतीपत्रं अभ्यास संपल्यानंतर निदान ३ वर्षं सांभाळा. माझ्या एका विद्यार्थिनीचा गठ्ठा शाहूपुरीत तळमजल्यावरच्या कपाटात होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने तो नेला. तुमचा वरच्या मजल्यावर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.