काडतुसांची प्रायमर-पावडर महाग झाली आहे: जास्त पैसे कधी मोजावेत, कधी मोजू नयेत

डॅलस परिसरातील आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वापरलेले काडतूस घरी पुन्हा भरायला (रीलोडिंगला) चार गोष्टी लागतात: पितळेचे रिकामे कवच म्हणजे ब्रास, त्याच्या बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू म्हणजे पावडर आणि टोकाची गोळी म्हणजे बुलेट. हे सगळे ज्या यंत्रावर जोडतात ते प्रेस. गेली काही वर्षे आमच्या दुकानाच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. 2019 मध्ये हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळत होते, ते आता ऐंशीच्या घरात कसे गेले? विचारणाऱ्यांत दर शनिवारी रेंजवर येणारे जुने नेमबाज आहेत, तसेच प्रेस घेऊ की नको या विचारात असलेले नवखेही आहेत. दुकानातल्या गर्दीत प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले. माल विकणे हा आमचा धंदा आहे. तरीही जिथे घेऊ नये असे आम्हाला वाटते, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

भाव का चढले

प्रायमर बनवणारे अमेरिकेतले मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. सीसीआयचा आयडाहोत लुइस्टनला, फेडरलचा मिनेसोटात अनोका येथे, रेमिंग्टनचा आर्कान्सात लोनोकला, आणि चौथे नाव विंचेस्टर. यातली पहिली तीन नावे एकाच मालकाची असून 2024 च्या अखेरीस ती चेक प्रजासत्ताकातल्या एका उद्योगसमूहाने विकत घेतली. प्रायमरमधले स्फोटक मिश्रण ओले असतानाच हाताळावे लागते. त्याला वेगळी इमारत आणि मुरलेले कामगार लागतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून सहा महिन्यांत नवा कारखाना उभा राहत नाही. टंचाई आली की कंपन्या आपले प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसांत वापरतात. उरले तर सुटे विक्रीला येतात. 2020 मध्ये करोना आणि निवडणूक एकदम आल्यावर लाखो नव्या लोकांनी बंदुका घेतल्या, तेव्हा सुटे प्रायमर दुकानांतून जवळजवळ नाहीसेच झाले होते. पुढे बोस्निया, इटली, चेक प्रजासत्ताक इथून माल येऊ लागला आणि भाव थोडे उतरले. जुन्या पातळीवर ते आलेले नाहीत, आणि येतील अशी आशा आम्ही तुम्हाला दाखवणार नाही.

पावडरची गोष्ट वेगळी. धूरविरहित पावडरचा पाया नायट्रोसेल्युलोज आणि त्याचा कच्चा माल कापसाच्या सरकीवरचे आखूड तंतू. युक्रेनमधले युद्ध 2022 मध्ये सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांच्या दारूसाठी हाच माल जगभर ओढला जातो आहे. 2024 मध्ये तर अलायंट या पावडरच्या कंपनीला रीलोडिंगच्या पावडरचा पुरवठा काही काळ थांबवावा लागला. व्हार्गेट आणि एच-4350 या लोकप्रिय पावडरी ऑस्ट्रेलियातून येतात, म्हणून त्यांची वाट अधिकच लांब. त्यात 2024 च्या सप्टेंबरपासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध आणले. बुलेटमधले शिसे कडक करायला आणि प्रायमरच्या मिश्रणातही अँटिमनी लागते.

हिशोब एका काडतुसाचा करा

डब्यावरची किंमत बघून घाबरूही नका आणि मोहातही पडू नका. एका काडतुसाला किती सेंट पडतात ते काढा. पुढचे आकडे आमच्याकडच्या सध्याच्या अंदाजे भावांवरून घेतले आहेत, ते फक्त हिशोबासाठी आहेत. कशात किती पावडर भरायची यासाठी नेहमी लोडिंगचे मॅन्युअलच उघडायचे.

नऊ मिलिमीटर (पिस्तुलाचे काडतूस): प्रायमर 8 सेंट. पावडरच्या एका पौंडात 7000 ग्रेन (वजनाचे छोटे माप), त्यामुळे 45 डॉलरच्या डब्यातून दीड हजारांच्या आसपास काडतुसे होतात, म्हणजे 3 सेंट. बुलेट 10 सेंट. ब्रास तुमचेच, रेंजवरून वेचून आणलेले. एकूण 21 सेंट. तयार काडतूस 23 ते 25 सेंटला मिळते. हजारामागे वीस-चाळीस डॉलर वाचवायला तुम्ही किती संध्याकाळी प्रेसपुढे बसणार, हे तुम्हीच ठरवा. लिलावाच्या साइटवर कोणी हजार प्रायमरचे 150 डॉलर मागत असेल, तर तुमचे काडतूस 28 सेंटला पडले. त्यापेक्षा तयार पेटी स्वस्त. अशा वेळी आमच्याकडूनही प्रायमर घेऊ नका, तयार काडतुसे घ्या, ब्रास जपून ठेवा आणि भाव उतरेपर्यंत थांबा.

आता 6.5 क्रीडमूर हे रायफलचे काडतूस पाहा. पावडर 30 सेंटच्या आसपास, प्रायमर 9, चांगली मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) बुलेट 45, दहा वेळा वापरायचे ब्रास धरले तर 10. सगळे मिळून एक डॉलरच्या आत. त्याच दर्जाचे तयार काडतूस दीड ते दोन डॉलर, आणि तुमच्या रायफलला मानवेल याची खात्री नाही. इथे पावडरच्या डब्याला पंधरा डॉलर जास्त द्यावे लागले तरी काडतुसामागे नऊच सेंट वाढतात. ते खुशाल द्या.

वर्षाला किती गोळ्या झाडता हेही धरा. हजार प्रायमरमागे 40 डॉलर वाढले तर वर्षाकाठी दोनशे काडतुसे भरणाऱ्या शिकाऱ्याला त्याचा फटका आठ डॉलरचा. पिस्तुलाच्या स्पर्धांसाठी दहा हजार झाडणाऱ्याला तोच चारशे डॉलरचा. एकाच भाववाढीवर दोघांनी वेगळा निर्णय घेणे बरोबरच आहे.

टंचाईत सगळ्यात मोठा धोका

पैसे वाचवण्याच्या नादात बदली पावडर वापरणे, याची आम्हाला खरी काळजी वाटते. एच-4350, आयएमआर-4350 आणि ॲक्युरेट-4350 या तिन्ही डब्यांवर आकडा तोच आहे, पण तिन्ही पावडरी वेगळ्या आहेत. एकीचा डेटा (किती भरायची याचे आकडे) दुसरीला वापरला तर चेंबरमधला, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या जागेतला, दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. उलट विंचेस्टर 231 मिळत नसेल तर एचपी-38 निःशंक घ्या, ती तीच पावडर आहे. विंचेस्टर 296 आणि एच-110 यांचेही तसेच. कोणती जोडी खरी आणि कोणती फक्त नावापुरती, हे आम्हाला विचारा. काही घ्यायचे नसले तरी विचारा.

प्रायमरचा ब्रँड बदलला, किंवा साध्याऐवजी मॅग्नम (जास्त जोराचे) मिळाले, तरी लोड, म्हणजे पावडरचे प्रमाण, पुन्हा खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचा. ‘जुना लोड चालतच होता’ म्हणून तसाच पुढे रेटू नका.

उघडलेला डबा कोणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नका. आत नेमके काय आहे हे देणाऱ्यालाही नक्की माहीत नसते. पावडरला आंबूस उग्र वास येत असेल किंवा झाकण उघडताच तांबूस वाफ वा गंजासारखी पूड दिसली, तर ती बिघडलेली आहे. निम्म्या भावात प्रायमर देणाऱ्या आणि क्रेडिट कार्ड न घेता थेट पैसे पाठवायला सांगणाऱ्या वेबसाइटींपासून दूर राहा. तिथे गेलेले पैसे परत मिळणे फार अवघड असते.

आमचा भाव कसा ठरतो

‘जुन्या भावाने घेतलेला माल नव्या भावाने का विकता?’ असे काही जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. शिल्लक माल ज्या भावाने आला तो आणि पुढचा माल ज्या भावाने येईल तो, यांच्या मधला भाव आम्ही लावतो. सगळा जुन्या भावाने विकला तर पुढची ऑर्डर द्यायला पैसे उरणार नाहीत. प्रायमर आणि पावडर मागवताना धोकादायक मालाचा वेगळा आकार (शुल्क) लागतो. एक डबा मागवा की वीस, तो दर पार्सलमागे साधारण वीस ते पन्नास डॉलर असतो. घरी एकच डबा मागवणाऱ्याला तो जड जातो, आमच्या मोठ्या ऑर्डरमध्ये वाटला जातो. तुलना करताना हा आकार आणि टॅक्स धरूनच करा. टंचाईच्या काळात एका ग्राहकाला प्रायमरचे दोनच डबे देतो, आणि हा नियम ओळखीच्यांनाही लागू आहे.

साठा

एका हंगामाला पुरेल एवढे ठेवा, त्याहून जास्त नको. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मानल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा संहितेनुसार घरात मूळ डब्यांत वीस पौंड पावडर आणि दहा हजार प्रायमरपर्यंत चालतात. तुमच्या शहराचा किंवा अपार्टमेंटचा नियम याहून कडक असू शकतो. आपल्याकडे सामान आणले की बरणीत ओतून ठेवायची सवय असते, ती इथे मोडा. प्रायमर एकत्र ओतले तर एक उडाला की सगळे उडतात. मूळ खोक्यातला प्रत्येक प्रायमर वेगळ्या खाचेत असतो तो याचसाठी.

व्हिसावर असलेल्यांसाठी

एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. कायद्याच्या व्याख्येत प्रायमर, पावडर, बुलेट आणि रिकामे ब्रासही दारूगोळ्यातच मोडतात, म्हणून ‘मी तर फक्त सुटे भाग घेतोय’ ही सबब चालत नाही. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना ही अडचण नाही. शंका असेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा. विक्री गेली तरी चालेल, तुमचा व्हिसा अडचणीत यायला नको.

विमानात प्रायमर आणि पावडर हातातल्या बॅगेतही चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. भारतात जाताना रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. बाजूच्या कप्प्यात, अस्तराच्या फटीत एखादे काडतूस राहून जाते आणि ते मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसते. शस्त्र कायदा, 1959 नुसार गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिला ठळक रंगाची पट्टी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवा.