बाण आवाजाच्या मागंच राहतो

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील फिरतीय. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण शांत उभं आहे, धनुष्यातून बाण सुटतो, आणि स्लो मोशनमध्ये दिसतं की बाण पोचायच्या आतच हरीण खचकन खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. खाली कॉमेंट्स बघा, "मुक्या जिवाला मरण आधी कळतं", "सहावं इंद्रिय असतं त्यांना". आणि इकडं आपल्याकडं बीड-परभणीच्या पट्ट्यात हरणांचा कळप सोयाबीनमध्ये घुसला की पारावर कुणीतरी म्हणतंच, बंदुकीचा लई आवाज होतो, त्यापेक्षा धनुष्य बरं, हरणाला कळत पण नाही. ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत ते नववीच्या फिजिक्सवर कळतं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी कायद्याचं बोलून घेतो. आपल्या शिवारात जे दिसतं ते बहुतेक काळवीट, कुठंकुठं चिंकारा. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिकार केली तर ३ ते ७ वर्षं तुरुंग, मग हत्यार कुठलंही असो. त्यामुळं पुढचं सगळं अमेरिकेतल्या शिकारीबद्दल आहे, जिथं ती लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये चालते. विस्कॉन्सिन राज्यात तर १९३४ पासून धनुष्याचा वेगळा सीझन आहे.

आता आकडे. हवेत आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर. हरणासाठी वापरतात त्या ३०८ विंचेस्टर रायफलची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची, नळीतून निघताना वेग ८६० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या अडीच पट. आणि आजच्या कंपाउंड धनुष्याचा, म्हणजे ते टोकाला चाकं असलेलं, मिसूरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी ज्याचं पेटंट १९६९ ला मिळवलं ते, त्याचा २६ ग्रॅमचा बाण जातो सेकंदाला ८५ मीटरने. आवाजाच्या पाव वेगाने! पलीकडच्या बांधावर कुणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो आणि ठक् नंतर ऐकू येतं, रायफलचं तसंच आहे, गोळी आधी आणि धडाका नंतर. १०० मीटरवरच्या हरणापर्यंत गोळी ०.१२ सेकंदात पोचते, आवाजाला ०.२९ सेकंद लागतात, म्हणजे गोळी लागते तेव्हा नळीचा आवाज अजून निम्म्या वाटेतच असतो. हरणाला दचकायला वेळच नाही.

धनुष्याचं बरोबर उलटं होतं. दोरी सुटली की धनुष्यात साठवलेली सगळी ऊर्जा बाणात जात नाही, थोडी धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजूंत आणि दोरीत उरते, ती थरथरते आणि तिचा टण् आवाज होतो. तुम्हाआम्हाला तो किरकोळ वाटतो, पण हरणाचे कान मोठे, वेगवेगळ्या दिशांना फिरणारे, आणि रान शांत. आता ३० मीटरवर हरीण उभं आहे असं धरा. आवाज ०.०९ सेकंदात पोचला, बाणाला ०.३५ सेकंद लागणार. मधे राहिले ०.२६ सेकंद. दचकायची जी प्रतिक्षिप्त क्रिया असते ती विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत जातच नाही, कानातून मेंदूच्या देठात आणि तिथून थेट स्नायूंना ऑर्डर, तरी तिला ०.१ सेकंद देऊ. उरले ०.१६ सेकंद.

या ०.१६ सेकंदात हरीण काय करतं? ते बाण चुकवत नाही, त्याला बाण माहितीच नाही. त्याला पळायचंय, आणि पळायला उडी पाहिजे, आणि उडी मारायला पाय आधी वाकलेले पाहिजेत. उभ्या हरणाचे पाय जवळजवळ सरळ असतात, सरळ पायाने जमिनीला रेटा देता येत नाही (स्वतः उडी मारून बघा, आधी गुडघे वाकतातच). मग ते पाय सैल सोडतं आणि अंग खाली पडतं. म्हणजे मुक्त पतन, s = ½gt², शाळेतलं सूत्र. ०.१६ चा वर्ग ०.०२५६, गुणिले ४.९ (गुरुत्वीय त्वरण g म्हणजे ९.८, त्याचं निम्मं), उत्तर साडेबारा सेंटिमीटर. हृदय आणि फुफ्फुसाचं लक्ष्य साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं धरतात, म्हणजे मधोमध नेम धरलेला बाण त्याच्या वरून जाणार.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे तो वर्ग. हेच गणित २० मीटरला करा, उरतात ०.०७७ सेकंद आणि अंग खाली येतं जेमतेम ३ सेंटिमीटर. ४० मीटरला करा, ३१ सेंटिमीटर. अंतर दुप्पट झालं तर हरीण दहा पट खाली! खरं तर मागचे पाय टेकलेलेच राहिले आणि फक्त पुढचे सुटले तर शरीर बिजागरीवरच्या दांडीसारखं फिरतं, आणि आडव्या सरळ दांडीचं मोकळं टोक सुटल्या क्षणी g च्या दीडपट त्वरणाने खाली येतं (टॉर्क भागिले जडत्व आघूर्ण करून बघा, ३g/२ येतं), पण छाती अगदी टोकाला नसते आणि हरीण काही एकसारखी दांडी नाही, म्हणून ते सोडून साधं मुक्त पतनच धरलंय.

कंपन्या मात्र जाहिरातीत ३५० फूट प्रतिसेकंद असं मोठ्या अक्षरात छापतात. तो वेग हलका बाण लावून आणि दोरी लांबपर्यंत ओढून मोजलेला असतो, पण खरा धरला तरी होतात १०७ मीटर, आवाजाच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत. आणि गणित केलं तर आधी ३० मीटरला जी चूक होत होती ती आता ४० मीटरला होते, बस, एवढे १० मीटर विकत घेतले. उलट जड बाण वापरला तर तो धनुष्यातली जास्त ऊर्जा घेऊन जातो, मागं थरथरायला कमी उरतं आणि आवाज कमी होतो, पण वेगही कमी होतो. यातून सुटका नाही, जवळ जाणं हा एकच उपाय.

सहाव्या इंद्रियाचं म्हणाल तर त्याची गरजच लागली नाही, कान आणि गुरुत्वाकर्षण पुरलं. हरणाबद्दलची अशीच दुसरी समजूत म्हणजे त्याचं शिंग औषधी असतं, आणि अजूनही काही घरांत सांबरशिंग उगाळून छातीला लावतात. सांबराचं शिंग म्हणजे हाड, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजन, आणि काळवीटाच्या शिंगाचं बाहेरचं आवरण म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची बनतात तेच. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, लेकराला दवाखान्यात न्यावं लागतं.

आता जखमेचं. बाणाची ऊर्जा फक्त ९४ ज्यूल, गोळीची साडेतीन हजारांच्या वर, जवळपास ३८ पट. मग बाणाने मरतंच कसं? बाण ऊर्जेने मारत नाही, त्याच्या टोकाला पात्यासारखी धारदार पानं असतात, ती रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसं कापत जातात आणि रक्तस्राव होतो. गोळी आत गेल्यावर फुलते आणि आजूबाजूचं मांस दाबून फाडते. नेम बरोबर बसला तर दोन्हींनी मरण लवकर येतं. पण बाण १२ सेंटिमीटर वर लागला तर पाठीच्या मांसात रुततो आणि हरीण तसंच पळून जातं. रायफलवाल्याचाही नेम चुकतो, पण त्याचं लक्ष्य तरी गोळी पोचेपर्यंत जागेवर असतं. ब्रिटनमध्ये बाणाने हरीण मारायला बंदीच आहे.

त्यामुळं शेतकऱ्याला धनुष्य द्या म्हणणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे, कायदा बाजूला ठेवला तरी हे चालणार नाही. उघड्या माळरानावर काळवीट २० मीटरपर्यंत कुणाला येऊ देत नाही, लांबूनच उधळतं, आणि ५०-६० मीटरवरून मारलेल्या बाणाने काय होतं ते वरच्या गणितात टाकून बघा. पिकाचं नुकसान खरं आहे, रात्र-रात्र राखण करणाऱ्याचे हाल मी बघतोय, पण त्याला लागतो तो वेळेवर पंचनामा, वनविभागाची भरपाई आणि कुंपणाला अनुदान.