पेपर सोपा होता की मुलं हुशार?

सीईटीचा निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात आणि घरोघरी एकच वाद रंगतो: आमच्या शिफ्टचा पेपर अवघड होता. त्यातच कितीतरी पालक ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण समजतात. तसं नाही. त्या शिफ्टमधल्या दर १०० मुलांपैकी ९२ जणांना तुमच्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले, एवढंच तो आकडा सांगतो. वेगवेगळ्या शिफ्टमधली मुलं साधारण सारख्याच तयारीची, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. रांग लावायला हे ठीक आहे, पण मुलीला येतं किती, ते यातून कळत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याचं वजन शेजारच्या पोत्यांवरून ठरत नाही. मुलांचं मात्र आपण तसंच ठरवतो.

यावर तोड काढली डेन्मार्कच्या गेऑर्ग राश (१९०१–१९८०) यांनी. मूळचे गणितज्ञ, पुढे लंडनला रोनाल्ड फिशर यांच्याकडे संख्याशास्त्र शिकले. वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या चाचण्या तपासताना त्यांना पेच पडला: मूल चुकलं ते कच्चं म्हणून, की उतारा अवघड म्हणून? त्यांचं उत्तर १९६०च्या पुस्तकात आलं. उत्तर बरोबर येण्याची शक्यता एकाच फरकावर ठरते: मुलाची क्षमता वजा प्रश्नाची काठिण्यपातळी. फरक शून्य असेल तर शक्यता ५० टक्के, एक एकक असेल तर सुमारे ७३, दोन असेल तर ८८. पूर्ण १०० कधीच होत नाही, कारण हुशार मुलंही सोप्या प्रश्नात चुकतात.

खरी गंमत पुढे आहे. एक सोपा आणि एक अवघड असे दोन प्रश्न घ्या. एका शाळेतल्या सारख्या तयारीच्या १०० मुलांपैकी सोपा ९० जणांना जमतो, अवघड ६० जणांना. दुसऱ्या, कच्च्या शाळेत हेच आकडे ६० आणि २०. टक्केवारी पाहिली तर ताळमेळ लागत नाही. आता दोन्हींपैकी नेमका एकच प्रश्न जमलेली मुलं बाजूला काढा. पहिल्या शाळेत फक्त सोपा जमलेली ३६ (१०० पैकी ९० टक्के, त्यांतले ४० टक्के अवघडात चुकणारे), फक्त अवघड जमलेली ६. दुसऱ्या शाळेत ४८ आणि ८. दोन्हीकडे गुणोत्तर ६ : १! भागाकार मांडून पाहा: मुलाची क्षमता वर येते, तशीच खालीही येते आणि कटून जाते. उरतो तो फक्त दोन प्रश्नांच्या काठिण्यातला फरक. पेपर सोडवणारी मुलं कोण, याचा संबंधच राहत नाही. मला तर संख्याशास्त्रात याहून देखणं काही ठाऊक नाही.

म्हणूनच दोन पेपरांत काही प्रश्न समान ठेवले, की दोन्ही पेपर एकाच मोजपट्टीवर आणता येतात. २०००पासूनच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत सुरुवातीची कित्येक वर्षं राश यांचीच पद्धत वापरली गेली. आपल्या शाळांच्या स्कॉलरशिप परीक्षेलाही असे काठिण्य मोजलेल्या प्रश्नांची पेढी हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर बाजारात बोटांचे ठसे पाहून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारे बसलेच आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी पालकांनी त्यावर एक पैसा खर्च करू नये. त्यामागे कसलाही शास्त्रीय आधार नाही.

राश यांच्या गणितालाही मर्यादा आहेत. चार पर्यायांत ठोकून दिलेलं उत्तर त्यात बसत नाही, म्हणून ॲलन बर्नबाम, फ्रेडरिक लॉर्ड यांनी अंदाजपंचे उत्तरांसाठी आणखी संख्या जोडल्या. पण ते गुणोत्तर आजही शाळेत कामाला येतं. समजा, सातारा शहरात ते ६ : १ आलं आणि जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत १५ : १. अशा वेळी मुलांना दोष देण्याआधी अवघड प्रश्न पुन्हा वाचावा. मेट्रोच्या तिकिटावरचं गणित असेल, तर कधी मेट्रो न पाहिलेलं मूल गणितात नव्हे, मेट्रोत अडलेलं असतं. तो प्रश्न पेपरातून काढायला हवा.